ब्रेन ट्यूमरच्या रुग्णाला नागीण उठली तर काय करावं?

नांदेड-लातूरकडे अंगावर नागीण उठली की अनेक घरांत आधी काव लावतात किंवा नागीण उतरवणाऱ्याकडे जातात. नागिणीने कमरेला पूर्ण विळखा घातला की माणूस दगावतो, असंही सांगतात. त्यात तथ्य नाही. पण ब्रेन ट्यूमरवर उपचार सुरू असतील, तर अशा उपायांत गेलेले दोन-तीन दिवस महागात पडू शकतात.

नागीण कशामुळे होते?
कांजिण्यांच्या विषाणूमुळे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी हा हर्पिस गटातला विषाणू नसांच्या मुळाशी झोपून राहतो. प्रतिकारशक्ती घटली की जागा होतो. मग एका नसेच्या पट्ट्यात, सहसा शरीराच्या एकाच बाजूला फोड येतात.

ट्यूमरच्या रुग्णाला धोका जास्त का?
मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. काही ट्यूमरमध्ये रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्याही असतात. या उपचारांनी विषाणूंना रोखणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. म्हणजे नागीण उठली याचा अर्थ ट्यूमर वाढला, असा नाही.

किती घाई करावी?
फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत अ‍ॅसायक्लोव्हिरसारखं औषध सुरू झालं तर फायदा जास्त होतो. उशीर झाला असला तरी जाच. फोड डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील, तर नजरेला धोका असतो. अंगभर पसरले, तर भरती व्हावं लागू शकतं.

ताप, असंबद्ध बडबड, आकडी आली तर?
‘ट्यूमरच वाढला असेल’ म्हणून घरी थांबू नका. ओठांवर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स क्वचित मेंदूत शिरतो. एमआरआय आणि मणक्यातल्या पाण्याच्या तपासणीतून त्याचं निदान होतं. शिरेतून अ‍ॅसायक्लोव्हिर साधारण 14 ते 21 दिवस द्यावं लागतं. उशीर जिवावर बेतू शकतो.

कुठे जावं?
ऑपरेशन मुंबईला किंवा हैदराबादला झालं असलं, तरी तिकडच्या पुढच्या तारखेची वाट पाहू नका. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था गाठा. जाताना फाइल आणि चालू गोळ्या सोबत न्या. आणि स्टेरॉइड मनाने बंद करू नका. अचानक थांबवल्यास मेंदूची सूज पुन्हा वाढू शकते.