बाटलीतल्या सागाची आई

सागाचं बी मोठं हट्टी. टणक कवचाची फळं रात्रभर भिजवा, दिवसभर उन्हात वाळवा, आठवडाभर हेच करा; तरी वाफ्यात बरीचशी तशीच पडून राहतात. मलबारात निलंबूरला १८४० च्या दशकात कलेक्टर कॉनली यांनी सागाची लागवड हाती घेतली, तीही आधी याच बियांपाशी अडली. त्यांच्या हाताखालच्या चातू मेनन यांनी चिकाटीने बी उगवून दाखवलं, तेव्हा कुठे ते सागवन उभं राहिलं. आपल्याकडच्या वनखात्यात पुढे जड्यांची रीत रुळली. वर्षभराच्या रोपाचं सोटमूळ आणि वर बोटभर खोड ठेवायचं, बाकी छाटायचं आणि पावसाच्या तोंडावर लावायचं. लागवड सोपी झाली, पण वाणाची खात्री काही मिळेना. साग परपरागी, सरळसोट झाडाच्या पोटी वाकडं, फांदाळ झाड सहज निपजतं.

चांगलं झाड जसंच्या तसं हवं, तर त्याचाच तुकडा वाढवायला हवा. हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९०२ साली सुटी पेशी पोषणद्रवात वाढवण्याचा विचार मांडला. त्याला स्वतःला ते साधलं नाही. फ्रान्समध्ये गोतरे यांनी १९३४ साली झाडांच्या सालीखालच्या वाढत्या थराचे तुकडे काचपात्रात वाढवले. मुराशिगे आणि स्कूग यांचं १९६२ चं पोषणमाध्यम तंबाखूच्या पेशींसाठी होतं; आज केळीच्या लॅबमध्येही ‘एमएस’ म्हणून तेच शिजतं.

सागाचं मोठं काम पुण्यात झालं. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या गुप्ता, नाडगीर, मस्कारेन्हस आणि जगन्नाथन यांनी १९८० साली ऊतिसंवर्धनाने सागाची रोपं तयार केल्याचं प्रसिद्ध केलं. कोवळ्या रोपांबरोबर त्यांनी शंभर वर्षांच्या झाडांचे डोळेही घेतले होते.

शंभर वर्षांचं झाड का, हे लॅबमध्ये काम केलेल्याला लगेच कळतं. माझी सगळी नोकरी पुण्याजवळच्या एका लॅबमध्ये लॅमिनारसमोर, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर, बसण्यात सरली. कोवळ्या रोपाचा डोळा चटकन फुटतो, पण ते पुढे कसलं झाड होणार कोणाला ठाऊक? जुन्या झाडाने आपले गुण दाखवलेले असतात, पण त्याचा डोळा फुटता फुटत नाही. इतक्या पावसाळ्यांची बुरशी सालीत मुरलेली असते. मर्क्युरिक क्लोराइडने धुतला तरी दोन-तीन दिवसांत बाटलीत पांढरी जाळी चढते. त्यातून वाचलाच, तर कापल्या जागेतून रस पाझरतो आणि भोवतीचं आगराचं पोषणमाध्यम काळं पडतं. मग चिमटा ज्योतीवर धरायचा, गार होऊ द्यायचा आणि डोळा अलगद उचलून ताज्या बाटलीत ठेवायचा. पुन्हा काळं, पुन्हा नवी बाटली. हे निस्तरलं की फुटवे, मुळं आणि शेवटी शेडमधलं हार्डनिंग, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणं.

१९९० च्या दशकात सागाच्या लागवडीसाठी लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांचं पेव फुटलं. ‘टिश्यू कल्चर’ हे शब्द त्यांच्या पत्रकांवरही झळकले. सेबीने १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले, पण तोवर अनेकांच्या पुंजीवर पाणी पडलं होतं. माझ्या हाती आलेल्या पत्रकांत परताव्याचे आकडे ठळक असत. डोळा कुठल्या झाडाचा, याचा पत्ता नसे. लॅब फक्त नक्कल करते, आणि वाकड्या झाडाचीही तितक्याच इमानाने करते. जून गाभा धरायला निचऱ्याची जमीन, विरळणी आणि भरपूर वर्षं लागतात. त्यातलं एकही वर्ष बाटलीत उरकता येत नाही.

तेव्हा सागाची टिश्यू कल्चर रोपं घेताना नर्सरीवाल्याकडे मातृवृक्षाची नोंद मागा: कुठल्या जंगलातला, किती वयाचा, किती घेराचा. तो टाळाटाळ करू लागला, तर सरळ वनखात्याच्या जड्या आणा. त्या स्वस्त तरी पडतात.