घरची म्हैस: इचलकरंजी परिसरातील गोठ्यांचा इतिहास

पंचगंगेच्या काठावरचे इचलकरंजी आज वस्त्रनगरी म्हणून ओळखले जाते. पण मागांच्या आधीपासून या भागात म्हशींचे गोठे आहेत. गावातला दुधाचा धंदा पूर्वी प्रामुख्याने लिंगायत गवळी घराण्यांच्या हाती होता. पश्चिमेकडे शाहूवाडी-राधानगरीच्या डोंगरात धनगर गवळी म्हशी राखत आणि लोणी-तूप बाजाराला आणत. शेतकऱ्याच्या दावणीला एखादी दुभती असे, ती मुख्यतः घरच्या दूधदुभत्यासाठी.

या गोठ्यांचा आधार म्हणजे पंढरपुरी म्हैस. सोलापूर, सांगली आणि कोल्हापूर हा या जातीचा मुलूख. खांद्यापलीकडे गेलेली तलवारीसारखी लांब शिंगे, लांबट तोंड आणि आटोपशीर बांधा ही तिची खूण. कमी वैरणीवर ती तग धरते आणि सहज पान्हा सोडते. त्यामुळे दूध घागरीतून नेण्याऐवजी म्हैसच गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन धार काढण्याची रीत पडली. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर ती अजून दिसते: म्हैस रस्त्याकडेला उभी, गवळी उकिडवा बसलेला, आणि पेल्यात थेट धार घेऊन तिथल्या तिथे फेसाळ दूध पिणारे गिऱ्हाईक. भेसळीची शंका घ्यायला जागाच उरत नाही. तालमीतले पैलवान या धारोष्ण दुधाचे कायम मोठे गिऱ्हाईक राहिले.

गोठ्याचा वारसा आईकडून लेकीकडे चालत असे. रेडा झाला तर तो विकायचा, रेडी झाली तर राखायची, असा साधा नियम होता. चांगल्या दुधाच्या म्हशीची रेडी, मग तिची रेडी, असे वेतामागून वेत चालत राहिले, की आजोबांच्या दावणीची पैदास नातवाच्या हाती येई. कोणती म्हैस भाकड काळ लवकर संपवते, कोणती अनोळखी हाताला दूध चोरते, हे घरातल्या बायका-पोरांना तोंडपाठ असे. ‘घरची म्हैस’ या शब्दात हा सगळा हिशेब असे.

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी या धंद्याला आश्रय दिला आणि गाव वाढू लागले. माग कामगारांची घरे आणि चहाच्या गाड्या यांमुळे रतीब वाढले; चराऊ जागा मात्र वस्तीखाली गेली. म्हशी गायरानातून गोठ्यात आल्या आणि त्यांना विकतची वैरण घालणे भाग पडले. पुढे उसाने ही अडचण काहीशी हलकी केली. रत्नाप्पा कुंभारांनी उभारलेल्या पंचगंगा साखर कारखान्यासारख्या कारखान्यांमुळे शिवारात ऊस पसरला. हंगामात तोडणीचे वाडे ही हक्काची ओली वैरण झाली. जोडीला कडबा आणि सरकी पेंड.

मोठी कलाटणी सहकाराने दिली. १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे ‘गोकुळ’, स्थापन झाला. १९७० पासून देशभर सुरू झालेल्या दूधमहापूर योजनेनेही या वाटेला बळ दिले. गावोगावच्या संस्थांत सकाळ-संध्याकाळ दूध मोजले जाऊ लागले आणि फॅटनुसार दर ठरू लागला. म्हशीच्या घट्ट दुधाला त्यामुळे मोल आले. दहा दिवसांचे बिल ही शेतकरी घरातली ठरलेली आवक झाली. उसाचे पैसे येईपर्यंत किराणा आणि शाळेचा खर्च त्यावर भागू लागला. गवळी समाजांचा धंदा होता तो घरोघरचा जोडधंदा झाला, आणि त्यातले रोजचे कष्ट मुख्यतः बायकांच्या अंगावर आले.

जास्त दुधाच्या ओढीने पुढच्या पिढीने हरियाणाची मुऱ्हा आणि गुजरातची मेहसाणा आणली. या म्हशी दुधाला सरस, पण खुराकही मोठा. शिवाय भाकड झाल्यावर विकून नवी आणण्याची सवय लागली. इथे घरच्या पैदाशीची साखळी तुटली. कृत्रिम रेतनाने ती काही गोठ्यांत पुन्हा जोडली आहे: जातिवंत वळूचे वीर्य वापरून झालेल्या रेड्या घरीच वाढवल्या जातात. काठावरच्या गोठ्यांना पुराचाही मार बसला; २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये जनावरे उंचावर हलवावी लागली.

सणांनी मात्र जुने नाते टिकवले आहे. इचलकरंजीत कर्नाटकी बेंदराला बैलांकडून मानाची कर (आडवी बांधलेली दोरी) तोडली जाते, तर दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात गवळी आपल्या म्हशी सजवून मिरवतात. शिंगे रंगवलेली, त्यांना मोरपिसे बांधलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा. मालकाच्या हाकेसरशी धावणारी म्हैस तिथे कौतुकाला पात्र ठरते, आणि अशी म्हैस बहुधा घरीच वाढलेली असते. पंढरपुरी जात आज देशाच्या अधिकृत म्हैस-जातींच्या यादीत आहे. तिचे जतन अशा लहान गोठ्यांनीच केले आहे.