तीस दिवसांच्या सुट्टीचं घर



शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका स्टील वर्कशॉपमध्ये मी बावीस वर्षं काम करतोय. जिन्याचे कठडे, रॅम्पचे रेलिंग, हॉस्पिटलच्या बाथरूममधले धरायचे दांडे, हेच आमचं काम. मागच्या पावसाळ्यात रत्नागिरीकडच्या आमच्या घरी आई बाथरूमच्या पायरीवर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. त्या बाथरूममध्ये धरायला एकही दांडा नव्हता. आणि ते घर मीच बांधलेलं, इथल्या पैशातून.

तेव्हापासून विचार करतोय, आपली घरं अशी का झाली? त्यासाठी जरा मागे जायला हवं.

आजोबांचं घर चिऱ्याचं, कौलारू. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, सगळं खालीच. माळ्यावर चढायची वेळ म्हाताऱ्या माणसावर येत नसे. त्याची जागा ओटीवर. तिथेच झोपायचं, तिथेच येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायची. सारवलेल्या जमिनीवर पाय सहसा सटकत नसे. पण नुसते गोडवे गायला नकोत. उंबरठे उंच, माजघरात अंधार, संडास लांब परसात. पावसाळ्यात रात्री आजीला कंदील घेऊन न्यायला आईच उठायची. म्हणजे घरात जे कमी होतं ते माणसं भरून काढायची, आणि ती बहुतेक बायकाच असायच्या.

मग आली मुंबई. १८५४ साली तिथे पहिली कापड गिरणी स्थापन झाली, आणि पुढे कोकणातले पुरुष घरटी एक-दोन तिकडे जाऊ लागले. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. पुढे १९२० च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे चाळी बांधल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक, वर तीन मजले आणि लिफ्ट नाही.

ही घरं कामाच्या हातांसाठी होती. गुडघे गेलेल्या माणसाचा विचार त्यात कुणी केलाच नव्हता. त्याच्यासाठी गाव होतं. तरुणपणी मनीऑर्डर गावी जायची आणि शेवटी माणूसही गावी जायचा.

आपलं आखातही तसंच निघालं, बघा. डिसेंबर १९७१ मध्ये अमिराती एकत्र आल्या, १९७३ ला तेलाचे भाव भडकले आणि बांधकामं सुरू झाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा आधारही सुटत गेला. आपली माणसं इकडे आली. पण इथला व्हिसा नोकरीला बांधलेला. २०१८ मध्ये यूएईने ५५ च्या पुढच्यांसाठी पाच वर्षांचा निवृत्ती व्हिसा जाहीर केला खरा. त्याच्या अटी मालमत्तेच्या, ठेवींच्या, नाहीतर मोठ्या उत्पन्नाच्या. वर्कशॉपमधल्या माणसाला ते जमणारं नाही. आई-वडिलांना इकडे आणायचं तरी पगाराची अट आडवी येते. म्हणजे त्यांचं म्हातारपण गावीच, आणि उद्या आपलंही तिथेच.

आणि गावी आपण बांधलं काय? स्लॅबचं दुमजली घर. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. बेडरूम वर, जिना अरुंद. पाणी बाहेर येऊ नये म्हणून बाथरूमला पायरी. एकदा फोनवर मी बाबांना म्हटलं, "वरची खोली वापरा की, हवेशीर आहे." बाबा म्हणाले, "अरे, वरचं तुझं घर, खालचं आमचं." तेव्हा मी हसलो होतो. घर मी वर्षातून तीस दिवस राहणाऱ्या स्वतःसाठी बांधलं होतं. उरलेले ३३५ दिवस ते दोघं त्यात राहतात, हे मी हिशेबातच धरलं नाही.

जपानने २००० साली वृद्धांसाठी काळजी विमा आणला. त्यात घरात दांडे बसवायला, उंबरठे काढायला २ लाख येनपर्यंतच्या खर्चाला मदत मिळते. तिथे हा खर्च औषधपाण्यासारखाच गरजेचा धरला. आपल्याकडे २००७ च्या कायद्याने आई-वडिलांचा सांभाळ मुलांवर टाकलाय. पण बाथरूम तर आपल्यालाच बघायचंय.

या सुट्टीत मी हे केलं:

• बाथरूमची पायरी तोडली, जमिनीला ढाळ दिला, खडबडीत टाइल्स लावल्या.
• कमोडजवळ आणि नळाजवळ दांडे बसवले. मुठीत मावतील असे, ३८ ते ४५ मिलिमीटर जाडीचे, भिंतीपासून ५० मिलिमीटर अंतरावर. चिऱ्याच्या भिंतीत साधा प्लग ढिला होऊ शकतो. म्हणून आत खोल बोल्ट घेतले आणि स्वतः लटकून बघितलं.
• पुढच्या दाराशी रॅम्प. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, असा हिशेब. याहून चढा केला तर व्हीलचेअर ढकलताना दम निघतो.
• बाथरूमचं दार ९० सेंटिमीटर रुंद, बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं तर बाहेरून ओढून उघडता आलं पाहिजे.
• पलंगाजवळ दिव्याचं बटण, आणि बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा.

आईला हे आवडलं नाही. "घराचं हॉस्पिटल केलंस," म्हणाली. पहिले चार दिवस त्या दांड्यावर तिने टॉवेल वाळत घातला. मी काही बोललो नाही. निघायच्या दिवशी सकाळी बघितलं तर टॉवेल दोरीवर होता, आणि ती दांडा धरून हळूहळू उठत होती.

मंडळी, पुढच्या सुट्टीत घरी गेलात की आधी एक करा. रात्री दिवा न लावता पलंगापासून बाथरूमपर्यंत चालून बघा, सत्तरीच्या माणसासारखं, हळू. कुठे हात आधार शोधतो तिथे खडूने खूण करा. दांडा तिथे हवा.

तुमच्या घरी काय बदल केलेत, आणि आई-वडिलांना कसं पटवलंत, तेही खाली लिहा. मला अजून जिन्याचं काय करायचं ते सुचलेलं नाही.