तुटलेला ताणा, हरवलेला स्पर्श

मागावर ताण्याचा धागा तुटला तर विणकर माग थांबवतो, दोन टोके गाठतो आणि माग पुन्हा सुरू होतो. सोलापूरकरांना हे मी काय सांगणार! पण विळ्याने मनगट कापले आणि आतला मज्जातंतू तुटला, तर नुसती गाठ मारून भागत नाही. (रक्ताची शीर वेगळी. मज्जातंतू म्हणजे मेंदूकडे निरोप नेणारी तार.)

१८५० साली ऑगस्टस वॉलर या इंग्रज डॉक्टरांनी बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून पाहिले. कापलेल्या जागेपलीकडचा तंतू हळूहळू विरून गेला, मेंदूकडचा भाग मात्र शाबूत राहिला. पुढे स्पेनच्या रामोन काहाल यांनी दाखवले की, त्या जिवंत टोकाला नवे धुमारे फुटतात. वाढ दिवसाला साधारण १ मिलिमीटर. म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला वर्षाहून अधिक! बरे, त्यांना वाट कोण दाखवतो? तर तंतूभोवती ज्यांचे अस्तर असते त्या श्वान पेशी. (श्वान हे एका जर्मन शास्त्रज्ञाचे आडनाव. वर्गात हे सांगितले की पोरे हमखास हसतात.) तंतू विरला तरी या पेशींची नळी उरते आणि नवा धुमारा तिच्यातून पुढे सरकतो.

आता ही नळीच बिघडली तर? आपल्याकडे हा प्रश्न केवळ पुस्तकातला नाही. नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू शोधला. तो नेमका या श्वान पेशींतच बिऱ्हाड करतो. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला एक गृहस्थ बसत. विडी जळत जळत बोटापर्यंत येई, त्यांना पत्ताच नसे. आम्हा मुलांना ते फार शूर वाटत. रोगाने बोटे गळून पडतात, असं मोठी माणसं सांगत. वास्तविक बोटे झिजतात ती मुख्यतः न कळलेल्या भाजण्याने, जखमांनी आणि त्या चिघळल्याने.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९५८ साली प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारणारे डॉ. नोशीर अंतिया अशाच हातांवर शस्त्रक्रिया करीत. एका स्नायूचे काम दुसऱ्याकडे सोपवून वाकडी बोटे सरळ करता येत. स्पर्श मात्र परत येत नसे. म्हणून ते मज्जातंतूकडेच वळले. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये त्यांनी आणि डॉ. वनजा शेट्टी यांनी रोगग्रस्त मज्जातंतूंचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षे तपासले. १९९७ साली दोघांचा त्यावरील ग्रंथ निघाला.

तमिळनाडूत आणखी एक वाट शोधली गेली. पेरेरा आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली तिची हकिगत छापली. रुग्णाच्याच स्नायूचा तुकडा गोठवायचा, पुन्हा वितळवायचा आणि निकामी मज्जातंतूच्या जागी बसवायचा. स्नायू मरतो, त्याच्या पोकळ नळ्या उरतात. त्यांतून तंतू वाढले आणि काही रुग्णांना गेलेला स्पर्श पुन्हा कळू लागला.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली बहुविध औषधे ६ ते १२ महिने घेतली की जंतू मरतो. पण नष्ट झालेला मज्जातंतू त्या औषधाने उठत नाही. बधिरता ६ महिन्यांच्या आतली असेल, तर सूज उतरवणाऱ्या वेगळ्या गोळ्यांनी अनेकांचा स्पर्श वाचतो. म्हणून तर आरोग्यसेविका रुग्णाला डोळे मिटायला लावते, बॉलपेनचे टोक तळहातावर हलकेच टेकवते आणि म्हणते, “कुठं लागलं, तिथं बोट ठेवून दाखवा.”