नामसंकेतदोष (रेल्स)

रुबी ऑन रेल्स या वेबचौकटीत नावांवरून आपोआप जोडले जाणारे दुवे चुकल्याने उद्भवणारा बिघाड. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये खुली केलेली ही चौकट क्लासच्या एकवचनी नावावरून टेबलाचे अनेकवचनी नाव स्वतःच ठरवते. त्यामुळे लिहिणे वाचते खरे; पण हे व्याकरण इंग्रजीचे आहे.

रायगड जिल्ह्यातल्या महाड-पोलादपूर तालुक्यांची माहिती ठेवणाऱ्या प्रणालीत ‘तालुका’ आणि ‘वाडी’ हे शब्द रोमनमध्ये लिहिले तर काही अडत नाही, शेवटी ‘एस’ लागतो एवढेच. अडते ‘रस्ता’ला. ‘टी’ आणि ‘ए’ने संपणारा शब्द चौकट ‘डेटा’सारखा अनेकवचनीच धरते, म्हणून टेबलाचे नाव ‘रस्ता’च राहते. तालुक्याला ‘अनेक रस्ता’ असा संबंध जोडला की ‘डेटा’चे ‘डेटम’ व्हावे तसा ‘रस्तम’ नावाचा क्लास शोधला जातो आणि तो सापडत नाही. हा शब्द कोणी लिहिलेलाच नसल्याने साऱ्या प्रकल्पात शोधूनही हाती काही लागत नाही. ‘पत्ता’चीही हीच गत. उपाय म्हणजे ‘इनफ्लेक्शन्स’ फाइलमध्ये एकवचन-अनेकवचनाची जोडी अनियमित म्हणून नोंदवणे आणि सर्व्हर पुन्हा सुरू करणे. मात्र त्याने टेबलाचे अपेक्षित नावही बदलते. जुन्या टेबलाचे नामांतर विसरले तर दुसरीच त्रुटी येते.

फाइल आणि क्लास यांच्या नावांतला फरक विकासकाच्या यंत्रावर अनेकदा लपतो, कारण तिथे फाइल गरज पडल्यावरच वाचली जाते. सगळ्या फाइल सुरुवातीलाच वाचणाऱ्या प्रत्यक्ष सर्व्हरवर तो उघडा पडतो. म्हणून ही नावे जुळतात का ते तपासणारी ‘झाइटवर्क चेक’ ही आज्ञा आधीच चालवावी.

देवनागरी नावांवरून वेबपत्ता बनवण्याचा प्रकार सर्वांत फसवा. ‘पॅरामीटराइझ’ ही पद्धत मूळ मांडणीत रोमन अक्षरे, अंक, जोडरेघ व अधोरेषा एवढेच ठेवते; ‘महाड’ आणि ‘पोलादपूर’ दोन्हींचे उत्तर रिकामे येते. मग वेबपत्ता एकमेव असावा अशी अट असेल तर दुसरी नोंद ‘हे नाव आधीच आहे’ म्हणून नाकारली जाते. रोमन रूप वेगळ्या रकान्यात ठेवले तर हा प्रश्न सुटतो.

त्यानेही ओळख पक्की होत नाही. पोलादपूर तालुक्यात कोतवाल बुद्रुक आणि कोतवाल खुर्द आहेत. तुर्भे बुद्रुक व तुर्भे खुर्दशेजारी तुर्भे कोंड आहे, शिवाय नवी मुंबईतले तुर्भे वेगळेच. ‘बु.’, ‘खु.’ हे संक्षेप टंकताना गळले की दोन गावे एक होतात. जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये कुलाब्याऐवजी रायगड झाले आणि २०११च्या जनगणनेच्या रोमन लेखनात ते छत्तीसगडच्या रायगडशी तंतोतंत जुळते. म्हणून नाव केवळ दाखवण्यासाठी ठेवावे. नोंदी जोडताना जनगणनेचा सहा अंकी ग्रामसंकेतांक किंवा पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक वापरावा. हे संकेतांक अंक म्हणून न साठवता मजकूर म्हणून साठवलेले बरे, नाहीतर सुरुवातीला शून्ये असतील तर ती गळतात.