सर्वोत्तम हेवी मेटल अल्बमची यादी कशी करावी? (आणि तीत मुंबई का नसते?)

संशोधनाची तयारी करताना बहुतेकांना घाम फुटतो तो साहित्याच्या आढाव्यात. काय घ्यायचं, काय सोडायचं, आणि सोडलं तर का? आज हाच प्रश्न जरा वेगळ्या वाटेने बघू. एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या मते जगातले सर्वोत्तम 10 हेवी मेटल अल्बम लिहा. मेटल ऐकत नसाल तरी वाचत राहा. पद्धत तुमच्या विषयालाही लागू पडते.

बहुतेक याद्यांची सुरुवात ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमने होते. तो 13 फेब्रुवारी 1970 ला इंग्लंडमध्ये आला. बर्मिंगहॅमच्या या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याने 17 व्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने बोटांना प्लास्टिकच्या टोप्या लावल्या, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे तारा सैलही केल्या. 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'मधल्या काही गाण्यांत गिटार दीड स्वर खाली उतरवलेली आहे. म्हणजे सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झवरून साधारण 69 हर्ट्झवर आली.

आता विज्ञानवाल्यांनी इथे थांबावं. 'हेवी' म्हणजे नेमकं काय मोजायचं? स्वर किती खाली, हे मोजलं तर सॅबथ वर येतो. वेग मोजला तर स्लेयरचा 1986 चा 'रेन इन ब्लड' वर येतो: 10 गाणी, सुमारे 29 मिनिटांत खल्लास. आयर्न मेडनचा 1982 चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' या दोन्ही कसोट्यांवर मागे पडेल. पण किती लोकांपर्यंत पोचला हे पाहिलं तर तो पुढे जाईल, कारण ब्रिटनच्या अल्बम यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला होता. अल्बम तेच, पण व्याख्या बदलली की क्रम बदलतो. म्हणून यादी करण्याआधी निकष लिहा. यादी झाल्यावर लिहिलेला निकष हा आवडीला चढवलेला कोट असतो.

इथपर्यंत सोपं होतं. आता तुमच्या कागदावर भारतातला एक तरी अल्बम आहे का बघा. बहुधा नसेल. मग इथे मेटल नव्हतंच का?

होतं. 1986 मध्ये मुंबईत फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू केला, आणि धोबी तलावाजवळचं खुलं रंगभवन हे या मैफलींचं घर बनलं. 1993 मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' काढलं. म्हणजे मंच होता, श्रोते होते, मासिकही होतं. अडचण होती ती रेकॉर्डिंगची. मुंबईचा रॉक मशीन 1984 ला सुरू झाला, त्याचा पहिला अल्बम 1988 चा. (हा बँड हार्ड रॉकचा की मेटलचा, हा वाद तुम्ही खुशाल घाला, वर्गीकरणाचा सराव होईल.) बंगळुरूच्या क्रिप्टॉसने 1998 ला सुरुवात केली, पहिला अल्बम 2004 ला. याउलट सॅबथ 1968 चा बँड, आणि दोन वर्षांच्या आत त्याचा अल्बम बाजारात होता.

हा फरक का? पीटर मॅन्युएल यांचा 'कॅसेट कल्चर' हा 1993 चा अभ्यास दाखवतो, की कॅसेटमुळे उत्तर भारतात छोट्या निर्मात्यांना जागा मिळाली, लोकगीतं आणि भक्तिगीतं मोठ्या कंपन्यांच्या बाहेर निघू लागली. माझा अंदाज असा, की हा फायदा इंग्रजीत गाणाऱ्या बँडना तितका मिळाला नाही. भजनाचा श्रोता एका भाषेच्या पट्ट्यात एकवटलेला असतो. मेटलचा श्रोता मुंबईत थोडा, बंगळुरूत थोडा, नागपुरात मूठभर. छोट्या निर्मात्याला तो परवडणार कसा?

2000 नंतर दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. त्या वर्षीच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांभोवती 100 मीटरचं शांतता क्षेत्र ठरवलं. रंगभवनाच्या शेजारी सेंट झेवियर्स कॉलेज, जवळच रुग्णालय. तिथल्या रॉक मैफली बंद पडल्या. दुसरीकडे घरच्या संगणकावर रेकॉर्डिंग आवाक्यात आलं. साहिल मखिजाच्या डेमॉनिक रेझरेक्शनचा 'अ डार्कनेस डिसेंड्स' 2005 मध्ये आला, आणि 2010 चा 'द रिटर्न टू डार्कनेस' परदेशातही ऐकला गेला. परिणाम बघा: 2000 नंतरच्या बँडना यादीत शिरायला निदान दार आहे. आधीचे कितीतरी बँड मात्र पोस्टरवर, जुन्या अंकांत आणि चाळिशी-पन्नाशीच्या लोकांच्या आठवणींत अडकलेत.

म्हणजे गाळणी आपण क्रम लावण्याआधीच बसवली होती. 'सर्वोत्तम अल्बम' म्हणताना आपण 'अल्बम' हे एकक निवडलं, आणि ज्यांना अल्बम करणं परवडलं नाही ते न ऐकताच बाद झाले. तुमच्या विषयात हेच होतं. फक्त इंग्रजी शोधनिबंध घेतले, की मराठी अहवाल, जिल्हा गॅझेटियर, कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका आपोआप बाहेर. मग आपण बिनधास्त लिहितो, "या विषयावर फारसं काम झालेलं नाही."

तर आता तोच कागद पुन्हा घ्या. वर निकष लिहा. प्रत्येक अल्बमपुढे तो तुमच्यापर्यंत कसा पोचला ते लिहा: मोठ्या भावाची कॅसेट, हॉस्टेलची हार्ड डिस्क, यूट्यूब. सगळे एकाच वाटेने आले असतील, तर तुमची यादी त्या वाटेबद्दलच जास्त सांगते. शेवटी खाली एक ओळ सोडा: या पद्धतीमुळे कोण सुटलं? मेटलच्या कागदावर ती ओळ पाच मिनिटांत भरेल. तुमच्या प्रबंधाच्या प्रस्तावात ती भरायला महिना लागला तरी लागू द्या. मुलाखतीत मार्गदर्शक पहिला प्रश्न तिथलाच विचारतील.