युनिसेफची निधी उभारणी

युनिसेफची निधी उभारणी म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने (युनिसेफ) आपल्या कार्यासाठी सरकारे, संस्था, कंपन्या आणि व्यक्ती यांच्याकडून पैसा व वस्तू मिळवण्याची, तसेच या देणगीदारांशी दीर्घकालीन भागीदारी टिकवण्याची व्यवस्था होय. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांनी भरावयाच्या अनिवार्य वर्गणीतून युनिसेफला वाटा मिळत नाही. संस्थेचे संपूर्ण उत्पन्न ऐच्छिक असते. त्यामुळे लसीकरण, पोषण, शुद्ध पाणी, शिक्षण आणि आपत्कालीन मदत ही कामे किती मुलांपर्यंत पोहोचणार, हे दरवर्षी देणगीदारांच्या निर्णयावर अवलंबून असते. मिळणाऱ्या रकमेइतकेच तिच्या स्वरूपालाही महत्त्व आहे. गरजेनुसार कोठेही वापरता येणारा पैसा आणि देणगीदाराने विशिष्ट देशासाठी वा कामासाठी राखून दिलेला पैसा यांचे प्रमाण हा या व्यवस्थेतील कळीचा प्रश्न मानला जातो.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील मदतकार्य पाहणारी 'उन्रा' ही संस्था गुंडाळली जात असताना, तेथील मुलांना मिळणारी मदत थांबू नये, अशी मागणी पोलंडचे वैद्यकतज्ज्ञ लुडविक राइखमन यांनी केली. त्यानुसार ११ डिसेंबर १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आंतरराष्ट्रीय बाल आपत्कालीन निधीची स्थापना केली. 'उन्रा'ची शिल्लक आणि सरकारे, स्वयंसेवी संस्था व व्यक्ती यांच्या ऐच्छिक देणग्या हे उत्पन्नाचे मार्ग ठरावातच नमूद करण्यात आले होते. पहिले कार्यकारी संचालक मॉरिस पेट यांनी पद स्वीकारताना, युद्धातील पराभूत देशांच्या मुलांनाही मदत मिळालीच पाहिजे, अशी अट घातली होती. मुलांमध्ये राष्ट्रावरून भेद न करण्याचे हे तत्त्व पुढे निधी उभारणीच्या आवाहनांचाही पाया ठरले.

१९५३ मध्ये आमसभेने या निधीला कायमस्वरूपी दर्जा दिला. त्या वेळी नावातील 'आंतरराष्ट्रीय' आणि 'आपत्कालीन' हे शब्द वगळण्यात आले. 'युनिसेफ' हे रूढ झालेले लघुरूप मात्र कायम राहिले. १९६५ मध्ये संस्थेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

इतिहास

आरंभीचे प्रयोग

प्रत्येक नोकरदाराने आपला एका दिवसाचा पगार मुलांसाठी द्यावा, ही कल्पना नॉर्वेचे ओके ओर्डिंग यांनी मांडली. तिच्या आधारे १९४८ मध्ये 'संयुक्त राष्ट्रांचे मुलांसाठी आवाहन' ही मोहीम अनेक देशांत राबवण्यात आली. सरकारांखेरीज सामान्य नागरिकांनाही थेट आवाहन करता येते, हे या मोहिमेने दाखवून दिले.

युनिसेफची शुभेच्छापत्रे योगायोगाने सुरू झाली. चेकोस्लोव्हाकियातील सात वर्षांच्या एका मुलीने मदतीबद्दल आभार म्हणून एक चित्र पाठवले. कागद उपलब्ध नसल्याने ते काचेवर काढलेले होते. १९४९ मध्ये त्यावरून पहिले शुभेच्छापत्र छापले गेले. पुढे नामवंत चित्रकारांनी आपली चित्रे विनामूल्य दिली आणि शुभेच्छापत्रांची विक्री हा अनेक दशके उत्पन्नाचा नियमित मार्ग बनला. भारतातही ही पत्रे विकली जात. संगणकीय संदेशांचा प्रसार झाल्यावर त्यांची मागणी घटली.

१९५० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया परिसरातील मुलांनी हॅलोविनच्या रात्री घरोघरी खाऊऐवजी नाणी मागितली. पहिल्या वर्षी केवळ १७ डॉलर जमले. मात्र पुढे हा उपक्रम देशभर पसरला आणि मुलांनी मुलांसाठी केलेल्या संकलनाचे ते सर्वपरिचित उदाहरण ठरले.

कलावंत आणि सदिच्छादूत

१९५४ मध्ये अभिनेते डॅनी के युनिसेफचे पहिले सदिच्छादूत झाले. प्रसिद्ध व्यक्तीने मदतकार्य प्रत्यक्ष पाहावे आणि त्याची माहिती जनतेपर्यंत न्यावी, ही पद्धत तेव्हापासून रूढ झाली. ऑड्री हेपबर्न यांनी आयुष्याची अखेरची वर्षे या कार्याला दिली. बालपणी महायुद्धानंतरच्या नेदरलँड्समध्ये त्यांनी स्वतः मदतीचा लाभ घेतला होता. भारतात अमिताभ बच्चन यांनी पोलिओ निर्मूलनाच्या प्रचारात भाग घेतला, तर सचिन तेंडुलकर यांची २०१३ मध्ये स्वच्छतेच्या प्रसारासाठी दक्षिण आशियाचे सदिच्छादूत म्हणून नियुक्ती झाली.

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांच्या पुढाकाराने 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' हे दोन कार्यक्रम झाले. त्यांच्या तिकीट विक्रीतून जमलेले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर निर्वासित मुलांच्या मदतीसाठी युनिसेफला देण्यात आले. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाच्या उत्पन्नाबाबत मात्र करसवलतीची पूर्वतयारी झालेली नव्हती. परिणामी मोठी रक्कम अनेक वर्षे अमेरिकेच्या करविभागाच्या प्रक्रियेत अडकून पडली. निधी उभारणीत कायदेशीर आणि हिशेबाची बाजू आधीच निश्चित करण्याची गरज या घटनेतून अधोरेखित झाली. १९७९ मधील 'म्युझिक फॉर युनिसेफ' या कार्यक्रमात कलाकारांनी गाण्यांच्या स्वामित्वधनाचा वाटा संस्थेला दिला. 'आब्बा' या स्वीडिश संगीतसमूहाचे 'चिकितिता' हे गीत त्यांपैकी एक होते.

कंपन्यांशी भागीदारी

१९८७ मध्ये सुरू झालेल्या 'चेंज फॉर गुड' उपक्रमात विमान कंपन्या प्रवाशांकडे उरलेली परदेशी नाणी व नोटा लिफाफ्यांतून गोळा करू लागल्या. प्रवाशाला निरुपयोगी असणारी अल्प रक्कम एकत्र येऊन मोठा निधी उभा राहतो, हे या उपक्रमाचे मर्म होते.

२००६ मध्ये बार्सिलोना फुटबॉल क्लबने प्रचलित प्रथा उलटी केली. क्लबने आपल्या पोशाखाच्या दर्शनी भागावर युनिसेफचे नाव छापले आणि त्यासाठी पैसे घेण्याऐवजी दरवर्षी १५ लाख युरो संस्थेला देण्याचे मान्य केले. आयकिया या स्वीडिश मूळ असलेल्या कंपनीच्या प्रतिष्ठानाने विकल्या गेलेल्या प्रत्येक कापडी खेळण्यामागे एक युरो शिक्षणासाठी देण्याची मोहीम युनिसेफ व 'सेव्ह द चिल्ड्रन' यांच्यासह चालवली.

उत्पन्नाचे स्वरूप

युनिसेफच्या उत्पन्नाचे दोन मुख्य प्रकार आहेत.

नियमित निधी : यावर देणगीदाराचे बंधन नसते. एखाद्या देशातील बालमृत्यूचे प्रमाण, दरडोई उत्पन्न आणि मुलांची संख्या यांच्या आधारे तो वाटला जातो. प्रसारमाध्यमांत चर्चा नसलेल्या देशांतील कामे आणि आपत्तीच्या पहिल्या दिवसांतील हालचाली यासाठी तो विशेष उपयुक्त असतो.

इतर निधी : हा विशिष्ट देश, कार्यक्रम किंवा आपत्तीसाठी राखीव असतो. त्यातील 'विषयनिहाय निधी' हा मधला मार्ग आहे. त्यात देणगीदार शिक्षण, आरोग्य यांसारखे क्षेत्र निश्चित करतो, तपशील मात्र संस्थेवर सोडतो.

राखीव देणग्यांचे व्यवस्थापन व प्रशासन यांचा भार नियमित निधीवर पडू नये, म्हणून अशा देणग्यांतून साधारणतः ८ टक्के रक्कम वसूल केली जाते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस नियमित निधीचे प्रमाण एकूण उत्पन्नाच्या सुमारे निम्मे होते. नंतर एकूण उत्पन्न अनेक पटींनी वाढले, परंतु वाढ मुख्यतः राखीव निधीत झाल्याने अलीकडच्या वर्षांत नियमित निधीचा वाटा एक चतुर्थांशाहून कमी झाला. संयुक्त राष्ट्रांच्या विकासविषयक संस्थांना मिळणाऱ्या पैशात बंधनमुक्त निधीचा वाटा किमान ३० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २०१९ च्या निधीविषयक करारात सदस्य देशांनी स्वीकारले होते.

देणगीदार आणि यंत्रणा

सरकारे हा उत्पन्नाचा सर्वांत मोठा स्रोत आहे. अमेरिका दीर्घकाळ सर्वांत मोठा सरकारी देणगीदार राहिला आहे. जर्मनी, ब्रिटन, जपान, स्वीडन, नॉर्वे हे देश आणि युरोपीय संघ हेही प्रमुख देणगीदारांत गणले जातात. ३६ सदस्य देशांचे कार्यकारी मंडळ संस्थेच्या अंदाजपत्रकावर देखरेख ठेवते.

श्रीमंत देशांतील नागरिक व कंपन्यांकडून देणग्या गोळा करण्याचे काम तेथील राष्ट्रीय समित्या करतात. त्यांची संख्या ३० हून अधिक आहे. अमेरिकेतील समिती १९४७ मध्ये स्थापन झाली. या समित्या स्थानिक कायद्यान्वये नोंदणीकृत स्वतंत्र संस्था असतात. जमलेल्या रकमेपैकी किमान ७५ टक्के रक्कम युनिसेफकडे पाठवावी, अशी त्यांच्याशी झालेल्या करारांतील अपेक्षा असते. उर्वरित रकमेतून निधी उभारणी, जनजागृती व प्रशासनाचा खर्च भागवला जातो. दरमहा ठरावीक लहान रक्कम देणारे नागरिक हा या समित्यांचा मुख्य आधार आहे. अशा देणग्या बहुधा बंधनमुक्त असतात आणि त्यांचा अंदाज आगाऊ बांधता येतो.

देणगीदार भागीदारीचे काम पुढील टप्प्यांतून चालते.

छाननी : कंपनीचा व्यवसाय व पूर्वेतिहास तपासला जातो. शस्त्रास्त्रे व तंबाखू यांचे उत्पादक, तसेच मातृदुग्धाच्या पर्यायी उत्पादनांच्या विक्रीबाबतच्या १९८१ च्या आंतरराष्ट्रीय संहितेचा भंग करणारे उत्पादक यांच्याशी भागीदारी टाळली जाते.

प्रस्ताव : देश कार्यालयातील कार्यक्रम अधिकारी गरज, उद्दिष्ट आणि खर्च मांडतात. भागीदारी विभाग तो मजकूर देणगीदाराच्या नियमांनुसार तयार करतो.

करार : रक्कम, मुदत, हप्ते, बोधचिन्हाचा वापर आणि अहवालांच्या तारखा निश्चित होतात.

अहवाल : पैसा कोठे खर्च झाला आणि मुलांच्या स्थितीत काय बदल झाला, हे कळवले जाते. अहवाल रखडल्यास पुढील हप्ता किंवा पुढील देणगी धोक्यात येऊ शकते.

मुलांची छायाचित्रे व कहाण्या वापरताना पालकांची संमती घेणे, धोक्यात असलेल्या मुलांची ओळख न उघड करणे आणि त्यांना दयेचा विषय म्हणून न दाखवणे, हे संकेत पाळणे अपेक्षित असते.

आपत्कालीन निधी

युनिसेफ दरवर्षी पुढील वर्षासाठी 'मुलांसाठी मानवतावादी कृती' हे एकत्रित आवाहन प्रसिद्ध करते. त्यात प्रत्येक संकटासाठी लागणारी रक्कम नमूद असते. देणग्या पोहोचण्यापूर्वी काम सुरू व्हावे, म्हणून संस्थेचा फिरता आपत्कालीन निधी आहे. त्यातून देश कार्यालयाला तातडीने रक्कम दिली जाते आणि नंतरच्या देणग्यांतून ती भरून काढली जाते. औषधे, तंबू, पाणी शुद्धीकरणाच्या गोळ्या आदी साहित्य कोपनहेगन येथील कोठारातून पाठवले जाते.

डिसेंबर २००४ च्या हिंदी महासागरातील त्सुनामीनंतर मदतसंस्थांकडे अभूतपूर्व प्रमाणात राखीव देणग्या आल्या. 'मेदसाँ साँ फ्राँतिएर' या वैद्यकीय संस्थेने तर त्सुनामीसाठी आणखी देणग्या स्वीकारणे थांबवले. दीर्घकाळ चालणाऱ्या आणि बातम्यांत न येणाऱ्या संकटांची आवाहने मात्र वारंवार अपुरी राहतात. देणगीचा ओघ गरजेपेक्षा प्रसिद्धीच्या मागे जातो, हे या तफावतीतून दिसते.

भारत

युनिसेफचे भारतातील काम १९४९ मध्ये सुरू झाले. मदत मिळवणाऱ्या देशानेही आपला वाटा उचलावा, हे तत्त्व आरंभीच्या प्रकल्पांत दिसते. पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याला पेनिसिलीन निर्मितीसाठी युनिसेफने यंत्रसामग्री आणि जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्य दिले. इमारत व इतर खर्च भारत सरकारचा होता. गुजरातमधील आणंद येथे खेडा जिल्हा सहकारी दूध संघाच्या १९५५ मध्ये सुरू झालेल्या दूध भुकटी प्रकल्पालाही युनिसेफने यंत्रे पुरवली. त्या बदल्यात कुपोषित मुलांना मोफत दूध देण्याची अट होती.

पोलिओ निर्मूलनात युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना, रोटरी इंटरनॅशनल आणि अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र हे १९८८ पासून एकत्र काम करत आहेत. बिल व मेलिंडा गेट्स प्रतिष्ठान नंतर त्यात सहभागी झाले. भारत सरकारने स्वतःही मोठा खर्च केला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्त घोषित करण्यात आले. त्यात भारताचा समावेश होता.

कंपनी कायदा, २०१३ अन्वये ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावी लागते. त्यामुळे बालकल्याणाच्या कामांना देशांतर्गत पैशाचा नवा मार्ग खुला झाला. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार कंपन्या आपल्या प्रकल्पांची आखणी, देखरेख व मूल्यमापन यांसाठी आंतरराष्ट्रीय संस्थांचे साहाय्य घेऊ शकतात.

टीका आणि वाद

२००२ मध्ये मॅकडोनाल्ड्स या कंपनीशी केलेल्या भागीदारीवर पोषणतज्ज्ञ व कार्यकर्त्यांनी टीका केली. मुलांच्या आहाराविषयी काम करणाऱ्या संस्थेचे नाव झटपट खाद्यपदार्थांच्या विक्रीशी जोडले जाणे विसंगत आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

जर्मनीतील राष्ट्रीय समितीने सल्लागार आणि निधी संकलकांना दिलेल्या मोबदल्यावरून २००७ च्या अखेरीस वाद निर्माण झाला. फेब्रुवारी २००८ मध्ये समितीच्या अध्यक्षा हायडे सिमोनिस यांनी राजीनामा दिला. त्याच महिन्यात, विश्वासार्ह धर्मादाय संस्थांना दिले जाणारे प्रमाणचिन्ह समितीकडून काढून घेण्यात आले. हजारो नियमित देणगीदारांनी साथ सोडली. समितीने पुढे आपल्या कारभारात सुधारणा केल्या. निधी उभारणीवर खर्च करणे अपरिहार्य असले, तरी तो देणगीदारांपासून लपून राहिल्यास विश्वासाची हानी होते, हे दाखवण्यासाठी या प्रकरणाचा उल्लेख केला जातो.

राखीव निधीवरील वाढत्या अवलंबनाबाबतही टीका होते. मोठ्या देणगीदारांचे प्राधान्यक्रम संस्थेच्या धोरणावर प्रभाव टाकतात, अहवालांचे ओझे वाढते आणि ठळक संख्येत मोजता येणाऱ्या कामांना झुकते माप मिळते, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. दुसरीकडे, करदात्यांना उत्तरदायी असलेल्या सरकारांना पैशाचा मागोवा हवा असतो आणि राखीव निधीमुळे तो घेता येतो, असा युक्तिवाद केला जातो.

सद्यस्थिती

२०२५ मध्ये अमेरिकेसह अनेक सरकारांनी परदेशी मदतीत कपात केली. २०२६ मधील आपले उत्पन्न २०२४ च्या तुलनेत किमान २० टक्क्यांनी घटेल, असा अंदाज युनिसेफने वर्तवला. त्यामुळे खासगी देणगीदार, विशेषतः दरमहा बंधनमुक्त रक्कम देणारे नागरिक, यांचे महत्त्व वाढले आहे.

हे सुद्धा पहा

युनिसेफ
बालहक्क संहिता
सेव्ह द चिल्ड्रन
जागतिक आरोग्य संघटना
पोलिओ